रिकाम्या स्टँडसमोरचं विजेतेपद

२०१४ हे साल वसई-विरारमध्ये जिल्ह्याच्या वाटणीचं साल म्हणून लक्षात राहिलं. १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं, पालघर हा नवा जिल्हा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. आता कचेरीच्या कामांना ठाण्याला जायचं की पालघरला, ही चर्चा नाक्यानाक्यावर रंगली होती. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मुंबईत एका नव्या फुटबॉल क्लबची घोषणा झाली: मुंबई सिटी एफसी. १२ ऑक्टोबरला कोलकात्यात इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, पहिला सामना झाला आणि मुंबईने तो ०-३ असा गमावला. सहा दिवसांनी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घरचा पहिला सामना होता. समोर पुणे. आंद्रे मोरित्झ या ब्राझिलियन खेळाडूने लीगच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक केली आणि मुंबईने पुण्याला ५-० असं लोळवलं.

कागदोपत्री मुंबईपासून आणखी दूर गेलेल्या तालुक्याला त्या संध्याकाळी मुंबई पुन्हा आपली वाटली.

वसईत फुटबॉल काही आयएसएलमुळे आलेला नाही. या पट्ट्याची नावं वर्तमानपत्रांत येतात ती क्रिकेटमुळे. विरारहून किटबॅग घेऊन लोकलने जाणारा पृथ्वी शॉ, पालघरहून तसाच प्रवास केलेला शार्दूल ठाकूर. पण नंदाखाल, निर्मळ, गिरीज, सांडोर, रमेदी, पापडी, गास अशा गावांत पाऊस लागला की स्टम्प घरात जातात आणि फुटबॉल बाहेर येतो. चर्चलगतचं किंवा शाळेचं मैदान, दोन्ही टोकांना खांब, सात-सात जणांचे संघ आणि कडेला छत्र्या घेऊन उभं राहिलेलं गाव. वर्ल्ड कपच्या वर्षी याच गावांत ब्राझील, अर्जेंटिना आणि पोर्तुगालचे झेंडे माडांच्या उंचीशी स्पर्धा करतात.

चिखलात खेळायचं एक शास्त्र आहे आणि ते इथल्या पोरांना कुणी फळ्यावर शिकवत नाही. जमिनीलगत दिलेला पास डबक्यात मरतो, म्हणून चेंडू बुटाच्या टोकाने किंचित उचलून द्यायचा. गोलकीने चेंडू कवटाळायच्या भानगडीत पडायचं नाही, मुठीने बाहेर घालवायचा. डिफेंडरने उभ्यानेच अडवायचं; एकदा घसरला की तो थेट कुंपणाशी जाऊन थांबतो. अंगावरची जर्सी कुठल्या रंगाची होती हे मध्यंतरापर्यंत कळेनासं होतं, मग आपला माणूस ओळखायचा तो धावण्याच्या ढबीवरून. या खेळात वाढलेल्या पोराला पुढे हिरव्यागार सपाट मैदानावर आणलं की तो सुरुवातीला बावरतो, कारण चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा फार लवकर येतो.

ही मैदानं आपोआप उरलेली नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इथली जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचा चेहरा झाले. तरीही इमारतींचा रेटा थांबला नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली. मोकळ्या जागा आक्रसल्या आणि त्यांच्या जागी ताशी भाड्याची, जाळीने झाकलेली टर्फ आली. दिव्यांच्या उजेडात तिथे रात्री उशिरापर्यंत पाच-पाच जणांचा खेळ चालतो. खेळणारे वाढले हे खरं. पण अकरा जणांचं पूर्ण मापाचं मैदान रोज सरावाला मिळणं अवघड झालं आणि व्यावसायिक फुटबॉल तर त्याच मापाच्या मैदानावर खेळला जातो.

आधीच्या पिढीसाठी मोठं फुटबॉल म्हणजे चर्चगेटला उतरून गाठायचं कूपरेज. विरारपासून ६० किलोमीटर, गर्दीत उभ्याने. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप मुंबईचा होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा होता. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. पण हे सगळं स्पर्धांचं फुटबॉल होतं. संघ यायचे, दोन-तीन आठवड्यांत निकाल लागायचा, मंडप उठायचा. घरी आणि बाहेर खेळत महिनोन्‌महिने चालणारी राष्ट्रीय लीग भारतात सुरू झाली ती १९९६-९७ मध्ये.

त्या नॅशनल फुटबॉल लीगचा दहावा हंगाम, २००५-०६ चा, मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते, घानाचा युसुफ याकुबू पुढच्या फळीत होता, उजव्या बगलेतून मुंबईचा स्टीव्हन डायस धावायचा. कोलकाता आणि गोवा या दोन फुटबॉलवेड्या मुलखांच्या मधून मुंबईने पहिल्यांदा देशाचं विजेतेपद काढून आणलं होतं. १९६२ पासून चालत आलेला तो संघ २०१० मध्ये बंद झाला. विजेतेपदाला पुरती चार वर्षंही धड झाली नव्हती.

महाराष्ट्रात असं एकदाच घडलेलं नाही. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये, नॅशनल लीगच्या जागी आलेल्या आय-लीगचा उपविजेता ठरला आणि पुढे दोनच वर्षांत गेला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला. मुंबई एफसी त्याच वर्षी. ज्याला मुंबईने पहिल्याच घरच्या सामन्यात पाच गोल मारले होते तो एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. या प्रत्येक क्लबबरोबर वीस-पंचवीस खेळाडू, माळी, मालिशवाले, किट सांभाळणारे आणि लहान वयोगटांचे संघ वाऱ्यावर गेले. बारा वर्षांच्या पोराला अकादमीत घालणाऱ्या बापाने कुठल्या नावावर भरवसा ठेवायचा, याचं उत्तर महाराष्ट्रात दर तीन-चार वर्षांनी बदलत राहिलं.

मुंबई एफसीच्या शेवटाला एक जोडकथा आहे. खालिद जमील हा मुंबईच्या क्लबांमधून खेळलेला माणूस. २००९ पासून २०१६ पर्यंत तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. तुटपुंज्या पैशांत संघ खालच्या श्रेणीत घसरू न देणं, हीच तिथली मर्दुमकी. २०१६-१७ च्या हंगामासाठी तो मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकलं आणि ईशान्येकडचा पहिला राष्ट्रीय लीग विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तक्त्यात तळाला राहिला आणि त्यानंतर बंद पडला.

एवढा मागचा हिशेब मनात ठेवला, तरच २०२०-२१ चा हंगाम मुंबई आणि तिच्या उत्तरेच्या उपनगरांसाठी काय होता ते उमगतं.

महामारीमुळे ती सगळी लीग गोव्यात भरली. अकरा संघ, प्रत्येकी २० सामने, बाद फेरी धरून एकूण ११५. मडगावजवळचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान, या तीन मैदानांवरच सगळं. खेळाडू हॉटेलांत बंद, हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल एवढाच रस्ता. स्टँड रिकामे. मैदानाच्या कडेला मोठे पडदे लावले होते, त्यांवर घरी बसलेल्या प्रेक्षकांचे चौकोनी चेहरे दिसत आणि टीव्हीवर ऐकू येणारा जल्लोष ध्वनिमुद्रित असे. गोल झाला की खेळाडू सवयीने स्टँडकडे धावत सुटायचा आणि अर्ध्या वाटेवर त्याचे पाय मंदावायचे.

मुंबई सिटीत वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला होता. नवा प्रशिक्षक आला सर्जिओ लोबेरा. हा स्पॅनिश प्रशिक्षक आदल्या हंगामापर्यंत एफसी गोवाचा होता आणि गोव्याने त्याला जानेवारी २०२० च्या अखेरीस दूर केलं होतं. येताना त्याच्या मागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे खंदे खेळाडूही मुंबईत आले. मंदार तर गोव्याचाच, पहिल्या हंगामापासून एफसी गोवाच्या डाव्या बाजूला धावत आलेला. आता तो मुंबईची जर्सी घालून, स्वतःच्याच राज्यात, स्वतःच्या घरच्यांनाही न भेटता खेळणार होता.

सुरुवात वाईट झाली. २१ नोव्हेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध जाहूला लाल कार्ड मिळालं आणि पेनल्टीवरच्या एकुलत्या गोलने सामना गेला. चार दिवसांनी गोव्याविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी ॲडम ल फाँड्रने पेनल्टीवर गोल केला, १-० असा विजय मिळाला आणि मग गाडी सुटली. सलग १२ सामने मुंबई हरली नाही. लोबेराचा संघ गोलकीपासून लहान लहान पास देत चेंडू वर आणायचा. प्रतिस्पर्धी दाबायला पुढे आला की जाहू एका लांब चेंडूने मैदानाची दुसरी बाजू उघडायचा. ११ जानेवारीला ओग्बेचे या नायजेरियन स्ट्रायकरच्या गोलवर एटीके मोहन बागानलाही हरवलं.

ही घोडदौड कुणी अडवली? ३० जानेवारीला नॉर्थईस्टनेच, २-१ अशी. दोन आठवड्यांपूर्वी त्या संघाने आपला परदेशी प्रशिक्षक काढून सूत्रं एका भारतीय माणसाकडे दिली होती: खालिद जमीलकडे. मुंबईच्या तुटपुंज्या क्लबात घडलेल्या माणसाने मुंबईच्या श्रीमंत क्लबाला थांबवलं. पुढे त्याने नॉर्थईस्टला बाद फेरीत नेलं आणि आयएसएलमध्ये तिथवर संघ नेणारा तो पहिला भारतीय प्रशिक्षक ठरला.

फेब्रुवारीत मुंबई लडखडली. बंगळुरूने ४-२ असं हरवलं, जमशेदपूरने २-०. तोवर मोहन बागान पुढे निघून गेला होता. मग २४ तारखेला ओडिशाविरुद्ध मणिपूरच्या बिपिन सिंगने हॅटट्रिक केली आणि ६-१ असा निकाल लागला. २८ फेब्रुवारीला, साखळीच्या शेवटच्या दिवशी, बांबोळीत समोर मोहन बागान. त्यांना बरोबरी पुरेशी होती, मुंबईला विजयच हवा होता. सातव्या मिनिटाला मुर्तदा फॉलने हेडर मारला, एकोणचाळिसाव्याला ओग्बेचेने दुसरा गोल केला. दोघांचे गुण ४० झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या जोरावर साखळीत अव्वल येणाऱ्याची लीग शील्ड मुंबईकडे आली. तिच्याबरोबर आशियाई चॅम्पियन्स लीगचं दारही उघडलं.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा गोवा. पहिला सामना २-२, दुसऱ्यात १२० मिनिटांत गोलच नाही. पेनल्टींसाठी दोन्ही प्रशिक्षकांनी आपापले गोलकी बदलले. कर्णधार अमरिंदर सिंगला बाहेर घेऊन लोबेराने सिक्कीमच्या फुर्बा लाचेंपाला उभं केलं. ६-५ असा निकाल लागला, आणि निर्णायक पेनल्टी मारणारा रॉलिन बोर्जेस होता गोव्याचाच. आपल्या राज्याच्या संघाला त्याने आपल्याच राज्यात बाहेर काढलं.

आता वसईकडे बघू. त्या महिन्यांत पश्चिम रेल्वे सगळ्यांसाठी खुली नव्हती. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांनाच आधी प्रवेश होता. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना परवानगी मिळाली तीही ठरावीक वेळांतच: सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. विरार लोकलवर ज्यांचं पोट आहे अशा शहराची त्या काळात काय अवस्था झाली ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाचा पगार अर्ध्यावर आला, कुणी एसटीच्या रांगेत पहाटे चारला उभं राहिलं. मैदानं ओस पडली होती, गावातल्या स्पर्धा रद्द झाल्या होत्या. अशा दिवसांत संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर आपल्या नावाचा संघ येऊन खेळायचा, दर चार-पाच दिवसांनी, न चुकता. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ज्या थोड्या गोष्टी ठरल्या वेळी घडत होत्या, त्यांत ती लीग होती.

इतर वेळी अंधेरीच्या मैदानावर ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ हा मुंबईच्या समर्थकांचा गट ढोल बडवत उभा असतो. शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातलं ते मैदान, फुटबॉलला सात-आठ हजार माणसांची जागा, वसई रोडहून ३० किलोमीटर. सामना संपला की नऊचा-दहाचा सुमार होतो, विरार गाडीत जर्सी घातलेली पोरं दारात उभी राहून रेफ्रीच्या निर्णयांची चिरफाड करत भाईंदरची खाडी ओलांडतात. २०२०-२१ मध्ये मुंबईने तोवरचा आपला सर्वांत चांगला फुटबॉल खेळला आणि नेमका त्याच वर्षी हा प्रवास कुणालाच करता आला नाही.

१३ मार्चला फातोर्ड्यात अंतिम सामना, तिसऱ्यांदा मोहन बागान. अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेलं. एकोणतिसाव्याला बागानच्याच टिरीने स्वतःच्या जाळ्यात चेंडू घातला, १-१. पूर्वार्ध संपता संपता मुंबईचा उजवा बचावपटू अमेय रानवडे हवेतल्या चेंडूसाठी उडाला, समोरच्या खेळाडूशी टक्कर झाली आणि तो खाली पडला तो हललाच नाही. खेळ थांबला, दोन्ही संघ त्याच्याभोवती उभे राहिले. रुग्णवाहिका मैदानात आली आणि त्याला घेऊन गेली. एरवी अशा वेळी हजारो लोक एकदम गप्प होतात. इथे गप्प व्हायलाही कुणी नव्हतं. तेवीस वर्षांचा तो मुंबईचा मराठी मुलगा शुद्धीवर आहे, धोका टळला आहे, हे कळेपर्यंत सामन्याच्या निकालाकडे कुणाचं लक्ष लागणं कठीणच होतं.

उत्तरार्ध सावध गेला. नव्वदाव्या मिनिटाला चेंडू उंचावरून बागानच्या क्षेत्राकडे आला. तोवर चांगला खेळलेला त्यांचा गोलकी अरिंदम भट्टाचार्य तो दूर करायला पुढे धावला, पण चेंडू त्याला नीट घालवता आला नाही. ओग्बेचेने तो हिसकावला. छत्तीस वर्षांच्या त्या नायजेरियन स्ट्रायकरला स्वतः गोल मारण्याची घाई करता आली असती. त्याने मान वर केली आणि चेंडू बिपिनकडे सारला. समोर जाळं उघडं. २-१. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला क्लब ठरला; सर्वोत्तम गोलकीचा मान मात्र बागानच्या अरिंदम भट्टाचार्यला मिळाला.

त्यानंतरची तीन वर्षं भरभराटीची गेली. एप्रिल २०२२ मध्ये रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. निर्णायक हेडर होता राहुल भेकेचा. एअर इंडियाच्या आणि मुंबई एफसीच्या मैदानांवरून वर आलेला हा मुंबईकर. २०२२-२३ मध्ये १८ सामने न हरता, ४६ गुण घेऊन मुंबईने पुन्हा शील्ड जिंकली. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर साठ हजारांच्या समुदायासमोर मोहन बागानला ३-१ असं नमवून चषकही आणला. त्या दिवशी कर्णधाराचा पट्टा राहुल भेकेच्या दंडावर होता.

या चार विजेतेपदांचा फैसला कुठे झाला ते पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बांबोळी, फातोर्डा, पुन्हा फातोर्डा, सॉल्ट लेक. एकही अंधेरीत नाही. अंधेरीत अंतिम सामना झाला होता तो १७ मार्च २०१९ ला, बंगळुरू आणि गोवा यांच्यात. मुंबई उपांत्य फेरीतच बाद झाली होती. जादा वेळेची शेवटची चार-पाच मिनिटं उरली असताना कॉर्नरवर उडी मारून बंगळुरूसाठी एकमेव गोल केला तो याच राहुल भेकेने, आपल्या शहरात, दुसऱ्या शहराची जर्सी घालून.

मुंबईच्या मातीत खेळाडू तयार होतात, प्रशिक्षकही होतात, हे भेके, रानवडे आणि जमील यांनी दाखवून दिलं आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. तेरा वर्षांनी त्या जागी भारतीय माणूस बसला. पुढच्याच महिन्यात त्याच्या संघाने मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळवलं. कमतरता गुणवत्तेची नाही, सातत्याची आहे. तिचा सर्वांत मोठा फटका नेमका त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात बसला.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी एफएसडीएल यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, नव्या कराराची बोलणी अडली होती. ११ जुलै २०२५ रोजी एफएसडीएलने क्लबांना कळवलं की येणारा हंगाम तूर्त थांबवला आहे. काही क्लबांनी सराव बंद केला, काहींनी पगार. लीगचे हक्क घेण्यासाठी महासंघाने निविदा काढली. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला आणि क्लब मूळच्या मालकांकडे परत आला. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ क्लब खेळतील, १४ फेब्रुवारीपासून, एकूण ९१ सामन्यांचा आखूड हंगाम. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच भिडणार.

अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांत पावसाळ्यात मासेमारी बंद असते. पण ती कधी बंद होणार आणि होड्या पुन्हा कधी लोटायच्या हे आधी ठाऊक असतं, म्हणून जाळी दुरुस्त होतात, डिझेलची उधारी ठरते, खलाशांना बोलावणं जातं. फुटबॉलपटूला २०२५ मध्ये तेवढीही खात्री नव्हती. खेळाडूचं उमेदीचं वय दहा-बारा वर्षांचं. त्यातले सहा-सात महिने असे अधांतरी गेले, तर ते कुठून भरून काढायचे? आणि हे फक्त करार झालेल्या खेळाडूंपुरतं नाही. बारावीच्या उंबरठ्यावर उभा असलेला वसईतला पोरगा रोज पहाटे उठून सरावाला जायचं की गपचूप क्लासला नाव घालायचं, हे ठरवताना वरच्या मजल्यावर दिवा चालू आहे की नाही ते बघत असतो. आईबाप त्याच्या आधी बघतात.

२०२०-२१ चा हंगाम म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखा आहे. देशावर निर्बंध होते, गाड्या सगळ्यांना खुल्या नव्हत्या, प्रेक्षक नव्हते, तरीही ११५ सामने ठरल्याप्रमाणे झाले. माणसांनी मनावर घेतलं, तीन मैदानं गाठीशी होती, वेळापत्रक पाळलं गेलं. त्या आधारावर पुढच्या चार वर्षांत मुंबईचा एक संघ उभा राहिला, आशियात जिंकून आला. २०२५ मध्ये महामारी नव्हती, मैदानं होती, खेळाडू होते, प्रेक्षक होते; तरी हंगाम अडला. ही गोष्ट मुंबईच्या, गोव्याच्या, कोलकात्याच्या प्रत्येक फुटबॉलवेड्या माणसाला सलायला हवी.

कोल्हापूरने यावर आपल्यापुरता उपाय फार पूर्वी शोधला आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर तिथली स्थानिक लीग दर हंगामाला भरते. पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम या पेठांच्या संघांसाठी स्टँड गच्च भरतात, दिल्लीत काय करार झाला याची वाट न बघता. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला आणि पुढे आयएसएलमध्ये गेलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

वसई-विरारकडे पेठा नाहीत, पण गावं आहेत, आणि त्यांच्यातली चुरस पेठांपेक्षा तसूभरही कमी नाही. पावसाळ्यातल्या सात-सात जणांच्या स्पर्धा आहेतच. त्यांच्या पुढे ऑक्टोबर ते मार्च अशी अकरा जणांची तालुक्याची लीग हवी. नंदाखाल विरुद्ध निर्मळ, पापडी विरुद्ध सांडोर, जुनी गावं विरुद्ध एव्हरशाइन-नालासोपाऱ्याच्या नव्या वसाहती, असे सामने, तारखा जूनमध्येच छापलेल्या. मुलींचे संघ, तेरा आणि पंधरा वर्षांखालच्यांचे संघ त्याच वेळापत्रकात. यासाठी हवंय ते एक पूर्ण मापाचं मैदान, जे सहा महिने लग्नाला, प्रदर्शनाला किंवा सभेला दिलं जाणार नाही. दिवे, पाण्याचा चांगला निचरा आणि दीड-दोन हजार लोक बसतील असे पायऱ्यांचे स्टँड. बारा लाखांच्या वर वस्ती असलेल्या महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात एवढी तरतूद बसू शकते. दर वर्षी डिसेंबरच्या अखेरीस वसईत कला-क्रीडा महोत्सव भरवणाऱ्या, मॅरेथॉनसाठी रस्ते मोकळे करणाऱ्या शहराला आयोजन शिकवायची गरज नाही. जागा कुठली राखून ठेवायची, हा ठराव तेवढा आता व्हायला हवा. विकास आराखड्यातली मोकळी जागा एकदा गेली की मागून मिळत नाही.